एकाच टेबलावर साचलेले बदल



राष्ट्रीय बँक व्यवस्थापन संस्था आणि रिझर्व्ह बँकेचं कृषी बँकिंग महाविद्यालय ज्या शहरात आहे, त्या पुण्यात राज्यभरातल्या शाखांतल्या आपणा सर्वांची ही परिषद भरली आहे. बँकेच्या पैशाची जोखीम मोजायला आपण शिकलो. शाखेतल्या माणसाला एका वेळी किती बदल पेलतात, हे मोजायला मात्र अजून शिकलेलो नाही, आणि आज मला तेवढंच मांडायचं आहे.

८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे आणि हजारच्या नोटा रद्द झाल्या. मूल्याने पाहिलं तर चलनातला सुमारे ८६ टक्के पैसा. १० तारखेला शाखा उघडल्या तेव्हा बदलून देण्याची मर्यादा ४,००० रुपये होती, मग ती ४,५०० झाली, मग २,००० वर आली. मध्येच बोटाला शाई लावायचा नियम आला आणि २४ नोव्हेंबरनंतर काउंटरवरची अदलाबदलच थांबली. हे सगळं जेमतेम दोन आठवड्यांत, आणि प्रत्येक नवा नियम रांगेतल्या माणसाला समजावायचं काम रोखपालाचं. १ एप्रिल २०१७ ला स्टेट बँकेत पाच सहयोगी बँका आणि भारतीय महिला बँक विलीन झाल्या, जुलैत जीएसटी आला, २०१९ मध्ये विजया आणि देना बँक ऑफ बडोदात गेल्या. १ एप्रिल २०२० ला दहा बँकांच्या चार झाल्या, तेव्हा देशव्यापी टाळेबंदी लागून आठवडाच झाला होता. कोणती बँक कोणाशी जोडायची हे सांगताना दोघींची कोअर बँकिंग प्रणाली जुळते, हा मुद्दा सरकारने आवर्जून मांडला होता. यंत्रांना हा बदल झेपेल का, हे पाहिलं गेलं. माणसांसाठी असं माप कोणाच्याच हाती नव्हतं.

माप अशक्य नाही. थॉमस होम्स आणि रिचर्ड राहे या अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांनी १९६७ साली आयुष्यातल्या ४३ घटनांना गुण दिले: जोडीदाराच्या मृत्यूला १००, लग्नाला ५०, व्यवसायातल्या मोठ्या फेरमांडणीला ३९, कामाच्या वेळा किंवा परिस्थिती बदलण्याला २०. ही पट्टी ढोबळ आहे, माणसामाणसातला फरक तिला दिसत नाही, ही टीका रास्तच आहे. पण तिच्यातलं मर्म मला फार मोलाचं वाटतं: बदल सुखाचा असला तरी गुण चढतात, आणि गुणांची बेरीज होते. आपल्याकडे प्रत्येक विभाग आपापलं परिपत्रक काढताना फक्त आपला बदल पाहतो, आणि तो छोटाच असतो. बेरीज होते ती शाखेतल्या एका टेबलावर.

ही बेरीज फार झाली की ती तक्रारीतून क्वचितच दिसते. नवी प्रणाली चालू असताना कोणी जुन्या पद्धतीची वही गुपचूप लिहीत राहतो. वेळ वाचावा म्हणून एकमेकांचा पासवर्ड वापरला जातो. दिवसाअखेर रोकड जुळायला उशीर होऊ लागतो. सर्वांत गंभीर खूण मात्र बैठकीतली शांतता; जो सहकारी पूर्वी दहा शंका काढायचा, तो आता मान डोलावून निघून जातो.

यावर म्हटलं जातं की बँक कर्मचाऱ्यांनी बदलाला नेहमीच विरोध केला, संगणकालाही केला. विरोध झाला हे खरंच. पण बँका आणि कर्मचारी संघटना यांच्यातला १९८३ चा करार मर्यादित यांत्रिकीकरणापुरता होता, बँकांच्या संगणकीकरणावरचा रंगराजन समितीचा अहवाल १९८४ चा, आणखी एक करार १९९३ चा. वाटाघाटी आणि टप्पे यांतून गेलेला तो बदल शेवटी याच लोकांनी पचवला. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: नोटाबंदी काय, महामारी काय, वेळ विचारून येत नाहीत. मान्य. म्हणूनच जे आपल्या हातात आहे ते तरी मागे ठेवायला हवं. संकटाच्या महिन्यात नवी विक्रीमोहीम, नवं ॲप, नवा अहवाल-नमुना थांबवता येतो. त्यासाठी प्रत्येक विभागीय कार्यालयात शाखेपर्यंत पोहोचणाऱ्या सगळ्या बदलांची एकच नोंदवही हवी, आणि ‘हा पुढच्या तिमाहीत’ असं सांगण्याचा अधिकार असलेला एक अधिकारी हवा. नवा नमुना आला की कोणता जुना बंद झाला, हे त्याच परिपत्रकात लिहिलेलं असावं. ग्राहकाचंही हित त्यात आहे, कारण गोंधळलेल्या काउंटरची किंमत तोच मोजतो.

दुपारच्या सत्रात या नोंदवहीचा मसुदा आपल्यापुढे येईल. त्यात आपल्या शाखेचे गेल्या वर्षातले बदल भरून पाहा, आणि जे रकाने अपुरे पडतील ते आम्हाला सांगा.