20 मित्र, एक पट आणि 20 अंकी उत्तर

(या भागाचं लिखित रूप. ऐकायला वेळ नसेल त्यांच्यासाठी.)

आज बुद्धिबळावर बोलू, पण डावपेचांवर नाही. आज मोजायचंय.

सांगलीकरांना बुद्धिबळ नवं नाही. भाऊसाहेब पडसलगीकरांनी नूतन बुद्धिबळ मंडळाच्या माध्यमातून या गावात पिढ्या घडवल्या. महिला ग्रँडमास्टर स्वाती घाटे इथल्याच. तेव्हा पट कसा मांडतात हे सांगत बसत नाही. थेट प्रश्न विचारतो: पट मांडला, एकही सोंगटी हललेली नाही. पांढऱ्याला पहिली खेळी किती प्रकारे करता येईल?

आठ प्याद्यांच्या प्रत्येकी दोन, म्हणजे 16. दोन घोड्यांच्या प्रत्येकी दोन, म्हणजे 4. एकूण 20. काळ्यालाही 20 च. म्हणून दोन खेळ्यांनंतर 400 मार्ग. तिसऱ्या खेळीला 20 ने गुणून 8,000 येतील असं वाटतं ना? येतात 8,902. कारण प्यादं पुढे गेलं की मागचा उंट, वजीर मोकळा होतो. चौथ्या खेळीला 1,97,281. पाचव्या खेळीला 48,65,609. या मोजणीला प्रोग्रॅमर लोक 'पर्फ्ट' म्हणतात.

आता कोणी म्हणेल, रिकामा उद्योग! नाही हो. समजा तुम्ही बुद्धिबळ खेळणारा प्रोग्रॅम लिहिलात आणि 'एन पासां' विसरलात. म्हणजे दोन घरं पुढे आलेल्या प्याद्याला शेजारच्या प्याद्याने जाता-जाता मारायचा नियम. चौथ्या खेळीपर्यंत तुमचं उत्तर बरोबर येईल, कारण तोवर तशी वेळच येत नाही. पाचव्या खेळीला मात्र 48,65,351 येतील. बरोबर 258 कमी. पन्नास लाखांच्या आसपासच्या आकड्यात 258 ची चूक! डाव खेळून ही चूक महिनोन्‌महिने सापडली नसती. मोजणीत ती एका झटक्यात सापडते.

म्हणून लोक खोल खोल मोजत गेले. चौदाव्या खेळीचं उत्तर 20 अंकी आहे: 61,885,021,521,585,529,237. सेकंदाला 10 कोटी मार्ग मोजणारं एक मशीन एकेक करून मोजत बसलं, तर साधारण 19,600 वर्षं लागतील. मग हे झालं कसं?

इर्जिक घालून. साताऱ्याकडच्या मंडळींना हा शब्द सांगायला नको. एकाचं रान नांगरायचंय, तर गावातले सगळे आपापली बैलजोडी घेऊन येतात. उद्या दुसऱ्याच्या रानात. अलीकडचं उदाहरण हवं तर 2016 चा पहिला वॉटर कप बघा. कोरेगाव तालुक्यातलं वेळू गाव श्रमदान करून पहिलं आलं. मजुरी कोणी मागितली नाही. ज्याला जेवढं जमलं तेवढं त्याने खोदलं.

संगणकाची इर्जिक अशीच. पण आधी रान वाटून द्यावं लागतं. स्टीवन एडवर्ड्स नावाच्या प्रोग्रॅमरने चौदाव्या खेळीसाठी वाटणी कशी केली बघा. सात खेळ्यांपर्यंत मार्ग आहेत 319 कोटींच्या वर. पण आधी राजाकडचा घोडा काढला आणि मग वजिराकडचा, किंवा उलट केलं, तरी पट शेवटी तोच दिसतो. असे सारखे पट एकत्र केले की वेगळ्या स्थिती उरतात फक्त 9,64,00,068. तिथपर्यंत किती वाटांनी पोचता येतं हे प्रत्येकीसमोर लिहून ठेवायचं. मग एक-एक लाखाचे वाटे पाडले: एकूण 965. वाटा घ्यायचा, त्यातल्या प्रत्येक स्थितीपासून पुढच्या सात खेळ्या मोजायच्या, उत्तर परत पाठवायचं. शेवटी गुणाकार आणि बेरीज.

खरी अडचण इथेच आहे. वाटा घेणारा अनोळखी. त्याच्या मशीनची मेमरी खराब असेल तर? किंवा त्याने मनानेच आकडा ठोकून दिला तर? इथे 965 पैकी एक वाटा चुकला की सगळी बेरीज चुकली. म्हणून अशा कामांत साधारणपणे एकच वाटा दोन वेगळ्या लोकांना देतात. दोघांचं उत्तर जुळलं तरच मान्य. नाही जुळलं तर तिसऱ्याला. यात कोणावर संशय नसतो. अनोळखी माणसांनी मिळून काम करायचं तर ताळा हवाच, भिशीच्या वहीत असतो तसा.

तुम्ही लिचेसवर खेळत असाल, तर अशा कामाचा फायदा आधीच घेतलाय. डाव संपल्यावर संगणकाचं विश्लेषण मागता ना? त्यासाठी 'फिशनेट' नावाची व्यवस्था आहे. तुमचा डाव अनेकदा कुठल्यातरी स्वयंसेवकाच्या मशीनवर तपासला जातो. स्टॉकफिशमधला प्रत्येक बदलही स्वयंसेवकांच्या संगणकांवर हजारो डाव खेळवून पारखतात.

आता तुमच्या हातातल्या फोनचं. 'बॉइंक' नावाचं मोफत ॲप अँड्रॉइडवर चालतं आणि फोन चार्जिंगला असताना विज्ञानाच्या प्रकल्पांची गणितं करतं. पण फोन तापतो, बॅटरी झिजते, घरचं वीजबिल कोणीतरी भरतं. तेव्हा घरी विचारून, जमेल तेवढंच. आणि 'तुमचा फोन वापरू द्या, रोज पैसे कमवा, आधी थोडी रक्कम भरा' असं कोणी म्हणालं, तर ते ॲप लगेच काढून टाका. इर्जिकेला येणाऱ्याकडून कोणी प्रवेश फी घेत नाही.

जाता-जाता एक गृहपाठ. पायथन थोडंफार येणारे 20 मित्र जमवा. प्रत्येकाला पांढऱ्याची एक पहिली खेळी वाटून द्या. त्याने पुढच्या तीन खेळ्या मोजायच्या, पण कोड आपापला लिहायचा, कॉपी नाही. राजासमोरचं प्यादं दोन घरं सरकवणाऱ्याला 13,160 यायला हवेत. राजाच्या उंटासमोरचं प्यादं एक घर सरकवणाऱ्याला 8,457. वीसही जणांची बेरीज 1,97,281 आली पाहिजे. नाही आली, तर भांडू नका. वाटे अदलाबदल करून पुन्हा मोजा, चूक कुठे आहे ते कळेल.

बेरीज जुळली की आम्हाला कळवा. जुळली नाही तर आधी कळवा, ते ऐकायला जास्त मजा येईल. भेटू पुढच्या भागात!