विक्रीनंतरची जबाबदारी



आजचा विषय थोडा रुक्ष आहे, हे आम्ही आरंभीच कबूल करतो. परंतु तो आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी भिंतीवर टांगलेला आहे. आमच्याकडील टीव्हीचेच पाहा. पडदा स्वच्छ, आवाज खणखणीत. धूळ पुसण्यापलीकडे त्याने आजवर काही मागितले नाही. तरीही गेल्या वर्षी त्याच्यावरचे एक ॲप उघडेना, मग दुसरे उघडेना. चौकशीअंती कळले की, या संचासाठी नवे सॉफ्टवेअर काढणे कंपनीने थांबवले आहे. दुरुस्तीवाला आला, त्याने संच तपासला आणि 'यात बिघाड काहीच नाही' असे सांगून तपासणीचे पैसे घेऊन गेला!

आमच्या आईचे शिवणयंत्र अजून चालते. पट्टा तुटला तर पेठेत मिळतो, तेल आपण घालतो; कारखानदार हयात आहे की नाही याची विचारपूस करावी लागत नाही. सॉफ्टवेअरचे तसे नाही. ते गंजत नाही, झिजत नाही. पण त्याच्या भोवतालचे जग बदलते. ज्या दूरच्या यंत्राशी ते बोलते, त्या यंत्राची भाषा बदलते. शिवाय लिहिताना नकळत राहिलेली भगदाडे चोरांना कित्येक वर्षांनी सापडतात. ती बुजवायची तर मूळ लिखाण हवे, आणि ते कंपनीच्या कुलपात. दुसऱ्या कोणी ठिगळ तयार केले तरी बहुतेक यंत्रे ते स्वीकारीतच नाहीत. येथे आपल्या गल्लीतला कारागीर काय करणार?

अमेरिकेत 'रिव्हॉल्व्ह' नावाची एक पेटी सुमारे 300 डॉलरला विकली जात असे. घरातील दिवे, कुलुपे वगैरे तिच्यामार्फत मोबाइलवरून चालत. तिच्याबरोबर 'आजीवन' सेवेचे आश्वासन होते. 2014 साली गूगलच्या मालकीच्या 'नेस्ट'ने ती कंपनी विकत घेतली आणि मे 2016 मध्ये पेटीमागची सेवा बंद केली. पेटी धडधाकट, पण निरुपयोगी! आजीवन म्हणजे कोणाचे जीवन, हे ग्राहकांनी विचारायला हवे होते.

तरी हे नुकसान ज्याचे त्याच्यापुरते. दुर्लक्षित वस्तू शेजाऱ्यालाही बाधते. 2016 सालीच 'मिराई' नावाच्या घातकी प्रोग्रामने घराघरांतील कॅमेरे आणि चित्रण साठवणारी यंत्रे लाखांनी काबीज केली. कारखान्यात घातलेला पासवर्ड तसाच राहिला होता, एवढेच निमित्त. त्या वर्षीच्या 21 ऑक्टोबरला या यंत्रांच्या भडिमाराने 'डिन' ही कंपनी कोलमडली आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या सेवा कित्येकांना काही तास मिळेनाशा झाल्या. कॅमेऱ्यांच्या मालकांना बहुधा पत्ताही नसावा.

कारखानदार म्हणतात, जुन्या मालाची देखभाल आम्ही किती काळ करायची? प्रश्न रास्त आहे. त्यासाठी माणसे ठेवावी लागतात, पगार द्यावे लागतात. जन्मभर करा असे आमचे म्हणणे नाहीच. तारीख सांगा, ती विक्रीपूर्वी सांगा, आणि पाळा. ब्रिटनमध्ये 29 एप्रिल 2024 पासून इंटरनेटला जोडल्या जाणाऱ्या घरगुती वस्तूंच्या बाबतीत सुरक्षेच्या दुरुस्त्या किमान केव्हापर्यंत मिळतील हे जाहीर करणे सक्तीचे आहे. युरोपीय संघ आणखी पुढे गेला. तेथील 2024 च्या कायद्याच्या मुख्य तरतुदी 11 डिसेंबर 2027 पासून लागू व्हायच्या आहेत. वस्तूचे आयुष्यच कमी नसेल, तर निदान पाच वर्षे अशा दुरुस्त्या द्याव्या लागतील. आपल्याकडे फ्रिज वीज किती खाईल हे ताऱ्यांच्या पट्टीवरून कळते. तशाच पट्टीवर एक साल छापणे कोणाला जड जावे?

परवा नवा टीव्ही पाहायला दुकानात गेलो होतो. विक्रेत्याला विचारले, याचे सॉफ्टवेअर कोणत्या सालापर्यंत मिळेल? भला गृहस्थ! त्याने खोक्याच्या सहाही बाजू वाचून पाहिल्या आणि म्हणाला, "साहेब, पडद्याची एक वर्ष हमी आहे, आणि भिंतीवर आम्ही फुकट बसवून देतो."