किंमत नव्हे, नोंद!

(शस्त्रकायद्याविषयीच्या व्याख्यानाचे शब्दांकन)



सायलेन्सर म्हटले की आपल्यासमोर मोटारसायकल उभी राहते. हे दोन्ही सायलेन्सर एकाच घराण्यातले आहेत. हायरम पर्सी मॅक्सिम या अमेरिकन अभियंत्याला बंदुकीच्या सायलेन्सरचे पेटंट १९०९ साली मिळाले आणि त्याच तत्त्वावर त्याने इंजिनाचा आवाज कमी करणारे साधनही तयार केले. नळीतून वेगाने बाहेर पडणारा वायू आतील पडद्यांत अडवून सावकाश सोडायचा, एवढेच हे तत्त्व. चित्रपटात दिसते तसा बार मुका होत नाही. सुमारे १६० डेसिबलचा आवाज साधारण २० ते ३५ डेसिबलने उतरतो, इतकेच.

मग या लोखंडी नळकांड्याची कायद्याने एवढी धास्ती का घ्यावी? कारण बंदुकीचा बार हा गुन्ह्याचा पहिला साक्षीदार असतो. तो ऐकून शेजारी धावतो आणि पोलिसाला दिशा कळते. तो साक्षीदार अंशतः जरी दुबळा झाला, तरी राज्यसंस्थेला त्याची दखल घ्यावीच लागते. प्रश्न आहे तो ही दखल कशी घ्यावी हा.

अमेरिकेने १९३४ साली ‘नॅशनल फायरआर्म्स अ‍ॅक्ट’ केला. टोळीयुद्धांनी शहरे हैराण झाली होती. मशीनगनप्रमाणेच सायलेन्सरचीही नोंदणी आवश्यक ठरली आणि त्यावर २०० डॉलरचा कर बसला. त्या काळी ही रक्कम सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरची होती. म्हणजे नियंत्रण होते, परंतु त्याचे खरे हत्यार किंमत हे होते. धनिकाला वाट मोकळी आणि कष्टकऱ्याला बंद! पुढे महागाई वाढत गेली, कराचा आकडा मात्र तोच राहिला आणि ती भिंत आपोआप खचली. अखेर २०२५ च्या जुलैमध्ये झालेल्या कायद्याने १ जानेवारी २०२६ पासून सायलेन्सरवरील हा कर शून्य केला.

नोंदणीची अट कायद्यात राहिली. परंतु अडचण येथेच उभी राहते. १९३७ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा वैध ठरवला, तो सरकारच्या कर बसवण्याच्या अधिकाराचा आधार घेऊन. आता करच नाही, तर नोंदणी कोणत्या आधारावर, असा सवाल करणारे दावे तेथील न्यायालयांत दाखल झाले. शिकाऱ्यांच्या कानांचे रक्षण होते, हा सायलेन्सरच्या पुरस्कर्त्यांचा युक्तिवाद पोकळ नाही. नॉर्वे, फिनलंडमध्ये शिकारी ते सर्रास वापरतात. दुसरीकडे, ३१ मे २०१९ रोजी व्हर्जिनिया बीच येथे बारा जणांचे प्राण घेणाऱ्याच्या पिस्तुलाला सायलेन्सर होता, हेही विसरता येत नाही. अशा वेळी कायद्याने आपला हेतू स्पष्ट बोलून दाखवलेला असावा लागतो. कराच्या आडून बोललेला हेतू कर गेल्यावर उघडा पडतो.

आता स्वदेशाकडे वळू. १८७८ चा शस्त्र कायदा परक्या सत्तेने केला होता. त्यातून युरोपियनांना सूट होती, आणि येथील प्रजा मात्र निःशस्त्र! तेथे निवड कातडीवरून होत होती. १९३१ च्या कराची ठरावात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा नागरिकाचा हक्क नोंदवला गेला, तो या अपमानाच्या आठवणीतूनच. संविधान सभेत १९४८ साली ह. वि. कामत यांनी हा हक्क मूलभूत हक्कांत घालण्याची सूचना मांडली. डॉ. आंबेडकरांनी तिला विरोध केला आणि ती स्वीकारली गेली नाही. म्हणून आपल्याकडे शस्त्र हा परवान्याचा विषय आहे.

१९५९ चा शस्त्र अधिनियम या दृष्टीने पुन्हा वाचण्याजोगा आहे. बंदुकीचा आवाज किंवा ज्वाळ कमी करण्यासाठी बनवलेले साधन त्याच्या व्याख्येत खुद्द ‘अग्निशस्त्र’च आहे. त्यात कराचा आडपडदा नाही. आणि त्याच अधिनियमाचे कलम १४ सांगते की, अर्जदारापाशी पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येणार नाही. पिकाचे रानडुकरांपासून रक्षण करण्यासाठी ठासणीची बंदूक मागणाऱ्या शेतकऱ्याला हा केवढा आधार आहे! सुरक्षेच्या कारणाने नकार देता येतो. गरिबीच्या कारणाने नाही.

२०१९ च्या दुरुस्तीने बेकायदा शस्त्रनिर्मिती व विक्रीची शिक्षा किमान सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत नेली. तथापि, लेथवर गुपचूप वळवलेले नळकांडे शिक्षेच्या आकड्याला घाबरत नाही. ते पकडले जाण्याला घाबरते. म्हणून २०१६ च्या नियमांनुसार परवानाधारकाला मिळणारा विशिष्ट ओळख क्रमांक, दुकानदाराच्या नोंदवह्या आणि पोलीस ठाण्यातील तपासणी या गोष्टी कंटाळवाण्या वाटल्या, तरी खरे रक्षण त्यांच्यातच आहे.

बंधूंनो, राष्ट्राची शिस्त कडक कायद्याने येते असे आपण सहज म्हणतो. कायदा कडक असावाच. पण तो ज्याच्यावर कडक आहे तो माणूस नेमका निवडलेला असावा. माणसाची पारख त्याच्या खिशावरून नव्हे, वर्तनावरून व्हावी. आपल्या कायद्याच्या अक्षरांत हे आहे. ते कचेरीच्या टेबलावरही दिसावे, असा आग्रह धरणे हे आपल्यासारख्या जागरूक नागरिकांचे कर्तव्य आहे.