मुलाच्या बाजूने कोण बोलणार?

(विहाराच्या वर्धापनदिनी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



अध्यक्षांनी मला 'मुले आणि कायदा' असा विषय दिला आहे. विषय मोठा, वेळ अर्धा तास, आणि नंतर खीरदान आहे. म्हणून मी एकच गोष्ट सांगतो. वस्तीतला एखादा पोरगा पोलिसांनी नेला, तर पहिल्या दिवसापासून त्याच्या बाजूने बोलायला वकील हवा. वकील मागणे म्हणजे चोराला पाठीशी घालणे नव्हे.

मी बाल न्याय मंडळापुढे मोफत कायदेविषयक साहाय्याची कामे करतो. काही वर्षांपूर्वी एक माउली आली. मुलगा पंधरा वर्षांचा, मोबाइल चोरल्याचा आळ. जामीन होत होता. बाई म्हणाली, "साहेब, मी नाय नेत त्याला. राहू द्या चार दिवस आत, सुधारेल तरी." तिचा राग मला कळत होता. चार घरची धुणीभांडी करून पोराला शिकवायचे, आणि एक दिवस दारात पोलीस. पण त्या चार दिवसांचे तीन आठवडे झाले. परीक्षा बुडाली. मोबाइल दुसऱ्याच कोणी घेतल्याचे मागाहून निघाले. मी त्या बाईला दोष देत नाही. तिला कोणी काही सांगितलेच नव्हते.

लोक मला विचारतात, मंडळावर दंडाधिकारी असतात, सोबत दोन समाजसेवक असतात, त्यांत निदान एक महिला असते. कायदाच मुलाच्या भल्याचा, मग वकील कशाला? नेमका हाच प्रश्न अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे आला होता. ती हकिगत ऐकण्यासारखी आहे.

१९६४ सालचा जून महिना. अ‍ॅरिझोना राज्यातला जेराल्ड गॉल्ट हा पंधरा वर्षांचा मुलगा. शेजारच्या बाईला फोनवरून अश्लील बोलल्याची तक्रार झाली आणि त्याला धरून नेले. आईबाप दोघे कामावर. घरी ना चिठ्ठी, ना निरोप. संध्याकाळी आई आली, तर पोरगा गायब! बघा, आपल्याकडेही असेच होते की नाही? पुढे सुनावणी झाली. तक्रार करणारी बाई एकदाही न्यायालयात आली नाही. वकील नव्हता. कोण काय बोलले याची नोंद ठेवली नाही. आणि हुकूम काय, तर एकवीस वर्षांचा होईपर्यंत सुधारशाळेत ठेवा. म्हणजे सहा वर्षांपर्यंत! हाच गुन्हा मोठ्या माणसाने केला असता, तर पाच ते पन्नास डॉलर दंड किंवा फार तर दोन महिने कैद. मुलाच्या भल्यासाठी म्हणून त्याला शिक्षा जास्त.

१५ मे १९६७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो हुकूम रद्द केला. मुलालाही आरोप आधी लेखी कळले पाहिजेत, वकील मिळाला पाहिजे, साक्षीदाराला प्रश्न विचारता आले पाहिजेत आणि स्वतःविरुद्ध बोलण्याची सक्ती होता कामा नये, असे ठरले. न्यायाधीश कितीही दयाळू असला तरी त्याच्यापुढे मुलाची बाजू मांडणारा वेगळा माणूस लागतो.

आपल्याकडे बाबासाहेब स्वतः बॅरिस्टर. ते ज्या मसुदा समितीचे अध्यक्ष होते, तिने तयार केलेल्या घटनेत कलम २२ आहे. अटक झालेल्याला आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेता येतो आणि चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यापुढे उभे करावे लागते. मुलांसाठी वेगळा बाल न्याय कायदा आहे. १९८६ च्या कायद्यात मुलगा सोळापर्यंत आणि मुलगी अठरापर्यंत बालक होती. २००० च्या कायद्याने दोघांनाही अठरा केले. सध्याचा कायदा २०१५ चा, तो १५ जानेवारी २०१६ पासून लागू आहे.

त्यात काय आहे ते आईबापांनी पाठच करावे. मुलाला पोलीस कोठडीत किंवा तुरुंगात ठेवता येत नाही. प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांत मंडळापुढे न्यावे लागते. गुन्हा जामीनपात्र असो वा नसो, मुलाला सोडणे हा नियम आहे, हमीदार नसला तरीही. सुटल्यावर तो गुन्हेगारांच्या संगतीत सापडेल, त्याला धोका होईल किंवा न्यायाचा हेतूच बुडेल असे सबळ कारण असेल, तरच नकार; आणि ते कारण मंडळाला लिहावे लागते. आता कोणी पोराला म्हणते, "कबूल कर, लवकर सुटशील." माझ्या अनुभवात याच्याइतका वाईट सल्ला दुसरा नाही. जामिनासाठी कबुली लागतच नाही!

सोळा ते अठरा वयाच्या मुलावर खून, बलात्कार अशा अतिगंभीर गुन्ह्याचा आरोप असेल, तर त्याचा खटला मोठ्या माणसासारखा चालवावा का, याची मंडळ आधी तपासणी करते. तिथे तर वकिलाशिवाय एक पाऊल टाकू नका.

आता वयाची गोष्ट, कारण आपली माणसे इथेच अडकतात. हात वर करा, कोणाकोणाची जन्मतारीख एक जून आहे? (सभेत हशा.) हसू नका. गुरुजींनी अंदाजाने तारीख टाकली, पोरगं सहा वर्षांचं व्हावं म्हणून. कायद्यात शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचे प्रमाणपत्र आधी बघतात. ते नसेल तर महापालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आणि तोही नसेल तरच वैद्यकीय तपासणी. गुन्ह्याच्या दिवशी वय काय होते ते धरतात. म्हणजे गुरुजींच्या त्या एका आकड्याने सतरा वर्षांचा पोरगा अठरा पूर्ण ठरून मोठ्यांच्या कोर्टात जाऊ शकतो. मात्र वयाचा मुद्दा कोणत्याही न्यायालयात, कधीही, निकालानंतरही काढता येतो, हे लक्षात ठेवा.

फीची काळजी नको. विधी सेवा प्राधिकरणाच्या १९८७ च्या कायद्याप्रमाणे बालकाला वकील मोफत आहे, उत्पन्न कितीही असो. वकील केस बघत नसेल, तारखेला येत नसेल, तर प्राधिकरणाकडे दुसरा मागा. फुकटचा आहे म्हणून गप्प बसायचे कारण नाही.

एक गोष्ट जरा कडवट आहे, पण बोलतो. वस्तीतल्या मोबाइलच्या ग्रुपवर पोराचा फोटो, नाव टाकणारे बाहेरचे कमी आणि आपलेच जास्त असतात. मुलाची ओळख जाहीर करणे हा गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. प्रकरण निकाली निघाल्यावर चारित्र्याच्या दाखल्यासाठीसुद्धा पोलिसांनी ती नोंद सांगायची नाही, असा कायदा. पोलीस सांगणार नाहीत ते आपण गल्लीभर सांगायचे?

जन्माची नोंद करण्याचे अर्ज मी सोबत आणले आहेत. खीरदान झाले की मी मागच्या खोलीत बसतो. मुलांचे शाळेचे दाखले घेऊन या, तारखा ताडून बघू. ज्यांच्या घरी आता एखादे प्रकरण चालू आहे त्यांनी सर्वांसमोर बोलायची गरज नाही, शेवटी थांबा.