रथ राखण्याचा खर्च

तंजावरच्या बृहदीश्वराचा रथोत्सव शंभराहून अधिक वर्षे बंद होता. २०१५ च्या एप्रिलात नवा रथ राजवीथींतून निघाला; त्याला सुमारे ५० लाख रुपये लागले. हा आकडा ऐकून कोणी भुवया उंचावील. परंतु श्रोतेहो, माझ्या मते रथाचा खरा खर्च तो पहिल्यांदा ओढल्यावर सुरू होतो.

तिरुवारूरचेच पाहा. एकोजीराजांचे पुत्र शहाजीराजे यांनी ज्या त्यागेशावर 'पल्लकी सेवा प्रबंधमु' हे तेलुगू नाटक रचले, त्याचा शृंगारलेला रथ ९६ फूट उंच भरतो. १९२६ साली जुना रथ आगीत भस्मसात झाला. लोकांनी नवा उभारला. पण तोही १९४८ नंतर कैक वर्षे जागचा हलला नाही. १९७० मध्ये तिरुचिरापल्लीच्या 'भेल' कारखान्याने चाकांचे व आसांचे काम पोलादात करून दिले, तेव्हा तो पुन्हा चालू लागला. देवाच्या रथाला बाष्पपात्रे घडविणाऱ्या कारखान्याने पाय द्यावेत, ही गोष्ट मला तरी मोठी गोड वाटते!

लाकूड मात्र ऊनपावसाने तडकते, त्यावर छप्पर हवे. वळणावर पाचरी लावणारा जाणता हात हवा. शिवाय आता वाटेवर विजेच्या तारा आल्या. २७ एप्रिल २०२२ रोजी तंजावरजवळच्या कळिमेडू येथे रथ अशाच तारेला भिडला आणि ११ माणसे प्राणास मुकली. तेव्हा देणगीदाराने पावती फाडण्यापूर्वी एवढे विचारावे: मिरवणुकीच्या रात्री वीज बंद करविण्याचे काम कोणाकडे आहे?