डोळ्यांनी शिकणारी मुले
(कार्यकर्ता मेळाव्यातील भाषण)



आपण पाड्यापाड्यांवर फिरता, घराघरांत आपली ओळख आहे. म्हणून कर्णबधिर मुलांच्या शाळेतला शिक्षक या नात्याने आपल्याकडे एक मागणे घेऊन आलो आहे. ऐकू न येणारे मूल दिसले, तर ‘हे शाळेत जाऊन काय करणार’ म्हणून त्याला गुरांमागे राहू देऊ नका.

या मुलांना विज्ञान जमत नाही असे म्हणतात. मला ते पटत नाही. विज्ञान बरेचसे डोळ्यांनीच शिकायचे असते. अडचण भाषेची आहे. आठ-नऊ वर्षांचे होईपर्यंत ज्याला घरच्या चार खुणांपलीकडे भाषा मिळाली नाही, ते मूल फळ्यावरचा ‘बाष्पीभवन’ हा शब्द सुरेख उतरवून घेते, पण ‘का?’ विचारायला त्याच्यापाशी साधन नसते.

मोहाच्या दिवसांत आम्ही ताजी फुले तोलतो, उन्हात वाळवतो, पुन्हा तोलतो. वजन घटते. मग हातांनी वाद सुरू होतो. पाणी जमिनीत मुरले की वर गेले? एका मुलीने फुले ताटात पसरायला लावली आणि जमिनीचा प्रश्न मिटवला. ‘बाष्पीभवन’ हा शब्द आम्ही त्यानंतर दिला.

ध्वनीचा धडा वगळा, असेही सुचवले जाते. का म्हणून? ढोलावर तांदळाचे दाणे टाकून थाप मारा, दाणे उडतात. कडेला तळहात टेकवा, कंप कळतो.

शिक्षकांनी एक पथ्य मात्र पाळावे. ऐकणारे मूल प्रयोग पाहता पाहता समजावणे ऐकते. आमचे मूल एक तर प्रयोग पाहील, नाही तर तुमचे हात. म्हणून आधी दाखवा, थांबा, मग सांगा. फळ्याकडे तोंड करून बोलणे तर वायाच.

खुणा शिकवल्या तर मूल बोलणार नाही, ही भीती जुनी आहे. १८८० साली मिलानच्या परिषदेने खुणांविरुद्ध ठराव केला आणि कित्येक देशांतल्या शाळांतून ही भाषा हद्दपार झाली. २०१० मध्ये व्हँकूवरच्या परिषदेने तो ठराव नाकारला. मधल्या पिढ्यांचे नुकसान झाले ते झालेच. आपल्याकडे २०१५ साली भारतीय सांकेतिक भाषेचे राष्ट्रीय केंद्र स्थापन झाले. त्याच्या २०२१ च्या शब्दकोशात १०,००० शब्द आहेत, शालेय विषयांचेही.

२०१६ च्या कायद्याने ठरावीक प्रमाणात अपंगत्व असलेल्या मुलांना ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे. पण सहा वर्षांची वाट पाहू नका, भाषेसाठी तोवर उशीर होतो. पाठीमागून हाक मारा. मूल वळले नाही, तर जिल्हा रुग्णालयात कानांची तपासणी करून घ्या. नाव, वय, पाडा लिहून जूनपूर्वी आम्हाला कळवा. येताना आईबापांपैकी एकाला सोबत आणा. खुणा त्यांनाही शिकाव्या लागतील.