क्षमा करणारीच्या हाती काय असतं?

ख्रिस्ती स्त्रियांच्या कथालेखनाविषयी बोलायचं तर आधी लूकच्या शुभवर्तमानातल्या उधळ्या पुत्राच्या दाखल्याकडे वळावं लागतं. धाकटा मुलगा वाटणी मागून घेतो, परमुलखात सगळं उडवतो आणि उपासमारीची वेळ आली की घरी येतो. बाप धावत जाऊन त्याला गळ्याशी धरतो आणि थोरला बाहेर रुसून उभा राहतो. ख्रिस्ती जगात क्षमेची याहून प्रसिद्ध गोष्ट नसेल. पण या घरात आई नाही, बहीण नाही, थोरल्याची बायको नाही. बापापाशी अंगरखा आहे, अंगठी आहे, पोसलेलं वासरू आहे. द्यायला काही आहे म्हणून त्याची क्षमा सगळ्या गावाला दिसते. जिच्या नावावर घर नाही, शेत नाही, तिनं क्षमा करायची म्हणजे नेमकं काय द्यायचं? माझं म्हणणं असं, की आपल्याकडच्या ख्रिस्ती लेखिका या प्रश्नापासून पळाल्या नाहीत. स्त्रीकडून क्षमेची अपेक्षा करण्याआधी तिच्या हाती तिचं स्वतःचं काही असलं पाहिजे, हे त्यांनी ओळखलं. जिथे ते नव्हतं, तिथे क्षमा झाली असं त्यांनी खोटं लिहिलं नाही.

पहिला पुरावा कृपाबाई सत्यनाथन यांचा. त्यांचा जन्म १८६२ मध्ये अहमदनगरचा. वडील हरिपंत खिस्ती आणि आई राधाबाई हे अमेरिकन मराठी मिशनच्या सुरुवातीच्या ब्राह्मण ख्रिस्ती कुटुंबांपैकी. कृपाबाई वैद्यकीचं शिक्षण घ्यायला मद्रासला गेल्या, प्रकृतीनं साथ दिली नाही, तिथेच लग्न झालं. पहिलं मूल तान्हेपणीच गेलं आणि १८९४ मध्ये, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, त्याही गेल्या. 'सगुणा' ही त्यांची आत्मचरित्राच्या अंगानं जाणारी कादंबरी १८८७-८८ मध्ये मद्रासच्या मासिकातून क्रमशः आली. तिचं नाव मुलीचं असलं, तरी आरंभीचा मोठा भाग राधेचा, म्हणजे आईचा आहे. नवऱ्यानं धर्म बदलला; त्याला प्रकाश दिसला, आणि तिचं माहेर, सासर, देव्हारा एका निर्णयात तुटलं. तो निर्णय तिचा नव्हता. धर्मांतराच्या कहाण्यांत अशा बायकोला एखादं वाक्य मिळतं. फार तर शेवटी तीही श्रद्धाळू झाली एवढं. कृपाबाई तिच्या भीतीपाशी आणि रडण्यापाशी थांबतात. पुढे राधा त्या घरात रुजते, मुलं वाढवते, नवा धर्म आपला म्हणते. हे रुजणं मी खरं मानतो. पण त्याला क्षमा हे नाव द्यायला माझं मन धजत नाही, कारण राधेला नकार देण्याची मोकळीक कधी मिळालीच नव्हती. शिवाय याच घरात भास्कर हा भाऊ अकाली जातो आणि त्याच्याबरोबर सगुणेचा शिकवणारा आधारही जातो. कृपाबाई त्या मृत्यूला देवाच्या इच्छेचं पांघरूण घालून झाकत नाहीत.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: हे सगळं मिशनरी प्रचाराचं वाङ्मय. प्रचारकी कादंबरी आपल्याकडे होती, हे मान्य. बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन' (१८५७) विधवांच्या दुःखाची दखल घेते, हा तिचा मोठेपणा. पण तिथे प्रत्येक दुःख एका युक्तिवादाचं साक्षीदार म्हणून उभं केलं जातं. कृपाबाईंचं तसं नाही. 'सगुणा'त मुंबईच्या मिशनरी बायकांचा वरचढपणा त्यांनी स्पष्ट लिहिला आहे. आणि १८९४ च्या 'कमला'ची नायिका शेवटपर्यंत हिंदूच राहते. प्रचारच करायचा असता, तर एवढी सोपी संधी कुणी सोडली नसती.

दुसरा आक्षेप मला जास्त गंभीर वाटतो. क्षमेचं ओझं नेहमी बाईच्याच डोक्यावर का? घर टिकवायचं तर तिनं विसरायचं, असं सांगणारं साहित्य कोणत्याही धर्माचं असो, ते नाकारायला हवं. इथे मी लक्ष्मीबाई टिळकांची साक्ष काढतो. त्यांचं 'स्मृतिचित्रे' हे आत्मचरित्र आहे, कादंबरी नाही, पण या कथांच्या पाठीमागचं जगणं त्यात उघडं आहे. त्यांचे पती नारायण वामन टिळक यांनी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि संसार दुभंगला. लक्ष्मीबाई काही वर्षं वेगळ्या राहिल्या. पुन्हा एकत्र आल्यावरही त्यांनी आपलं सोवळं लगेच टाकलं नाही. जातीचा विचार स्वतः करून, स्वतःच्या वेळी टाकलं, आणि मग १९०० मध्ये बाप्तिस्मा घेतला. १९३४ पासून पुस्तकाचे भाग छापून येऊ लागले, तेव्हा नवऱ्याचा विक्षिप्तपणा, न सांगता निघून जाणं, स्वतःचा संताप, सगळं त्यांनी नावानिशी मांडलं. यात विसरणं कुठेच नाही. आपल्या गंगाखेडच्या जनाबाईंनी विठ्ठलाशी भांडूनच जवळीक केली. परभणीच्या श्रोत्यांना लक्ष्मीबाईंचं हे भांडण परकं वाटू नये. आपली हकिकत आपल्या शब्दांत सांगण्याचा हक्क, हे त्यांच्या हातातलं धन होतं. ते हाती असल्यामुळे त्यांचा नवऱ्यावरचा लोभ शरणागती ठरत नाही. टिळक १९१९ मध्ये गेले, त्यांचं 'ख्रिस्तायन' हे काव्य अपुरं राहिलं, आणि ते पुढे लिहायला लक्ष्मीबाईच बसल्या.

कृपाबाईंनी इंग्रजीत लिहिलं, मग त्या आपल्या कशा, असंही विचारलं जातं. सोवळंओवळं, सासुरवास, बालविवाह, अहमदनगरचं घर ही त्यांच्या लेखनाची सामग्री आहे. शिक्षणानं हाती दिलेली भाषा इंग्रजी होती, एवढंच. आपल्या अभ्यासक्रमांनी या कारणासाठी त्यांना बाहेर ठेवलं, याचं मला वाईट वाटतं.

माझ्या मताला सर्वांत जास्त अडचण 'कमला'च्या शेवटानं होते. नवरा दुसरीच्या नादी लागलेला. तो मरतो, लहान मूलही जातं. तिच्यावर प्रेम करणारा रामचंद्र लग्न विचारतो आणि ती नाही म्हणते. पदमनजींनी १८५७ मध्ये यमुनेचं पुन्हा लग्न लावलं होतं. जवळपास चार दशकांनी एका स्त्रीनं आपल्या नायिकेला तो मार्ग नाकारायला लावावा, हे बोचतं. रूढीपुढे हार, असं कुणी म्हणालं तर मला त्यात तथ्य दिसतं. तरीही राधा आणि कमला शेजारी ठेवून पाहा. राधेचं आयुष्य दुसऱ्याच्या होकारानं ठरलं; कमलेला विचारलं गेलं, आणि तिच्या नाहीला कादंबरीतलं कुणी मोडू शकलं नाही. मृत नवऱ्याविषयी तिच्या मनात कडवटपणा उरत नाही. पण तिला मिळालेली संपत्ती त्याच्या घराण्यात परत जात नाही. तिच्या पैशातून विधवा आणि अनाथांसाठी धर्मशाळा उभी राहते.